'स्यू'चं एवढं कौतुक कशाला? : 'जुना श्रोता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

जुना श्रोता, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सणसणीत आहे, आणि अशा प्रतिक्रियेखाली "धन्यवाद, विचार करतो" एवढं लिहून सटकणं मला जमत नाही, म्हणून वेगळी पोस्टच टाकतोय. लांब होणार आहे, आधीच सांगतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लंडनच्या स्यू रेकॉर्ड्स या छोट्या लेबलवर लिहिलं होतं. १९६३ च्या शेवटी सुरू झालेलं, ख्रिस ब्लॅकवेलच्या आयलंड रेकॉर्ड्सच्या पोटातलं आणि गाय स्टीव्हन्स नावाच्या विशीतल्या पोराने चालवलेलं हे लेबल, ज्याने अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांचं रिदम अँड ब्लूज (पुढे नुसतं आर अँड बी म्हणतो) ब्रिटनमध्ये छापून विकलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की एक, लंडन, स्टेटसाइड, पाय या लेबलांनी हे सगळं आधीच केलेलं होतं, स्यूने वेगळे काय दिवे लावले; दोन, न्यूयॉर्कमधल्या काळ्या मालकाच्या कंपनीचं नाव घेऊन दोन गोऱ्यांनी धंदा केला आणि मी त्याची आरती ओवाळली; तीन, या लेबलचा एकही धड हिट नाही; आणि शेवटी, हे सगळं मराठीत वाचणार कोण.

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करतो. लंडन हे डेका कंपनीचं लेबल, आणि पन्नासच्या दशकापासून फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड, रे चार्ल्स ही मंडळी ब्रिटनमध्ये त्यांच्याच शिक्क्याने यायची, बरोबर. ईएमआयने १९६२ मध्ये स्टेटसाइड काढलं, तेही बरोबर. पायने शिकागोच्या चेस कंपनीचा माल आणला, म्हणजे चक बेरी, बो डिडली, मडी वॉटर्स, हेही शंभर टक्के मान्य. पण पायने चक बेरीच्या रेकॉर्डी काढाव्यात म्हणून त्यांच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस कोण होता माहितीये? हाच गाय स्टीव्हन्स. चक बेरी अप्रीसिएशन सोसायटी नावाचं जे चाहत्यांचं मंडळ होतं त्याचा अध्यक्ष तो. म्हणजे ज्या पायचं नाव तुम्ही स्यूच्या विरोधात पुढे करताय तिथेही मागून ढकलणारा हात यांचाच होता.

आणि मोठ्या कंपन्यांची पद्धत तुम्ही लक्षात घ्या ना. अमेरिकेत एखाद्या लेबलशी करार झालेला असायचा, तिकडच्या चार्टवर जे चढलं ते इकडे छापायचं, काही आठवडे वाट बघायची, नाही चाललं तर कॅटलॉगमधून काढून टाकायचं. त्यात कोणाची आवडनिवड नव्हती असं नाही, डेकातसुद्धा कान असलेली माणसं होती, पण गणित नव्या रेकॉर्डचं होतं. जुनी रेकॉर्ड म्हणजे मेलेली रेकॉर्ड. मंडईत सगळी भाजी येते म्हणून घरात स्वयंपाक आपोआप होत नाही, कोणीतरी पिशवी घेऊन जायला लागतं आणि काय उचलायचं ते त्याला कळायला लागतं. स्टीव्हन्स हा पिशवी घेऊन जाणारा माणूस होता, आणि त्याने नव्या-जुन्याचा हिशेबच ठेवला नाही, माझ्या मते या लेबलची खरी करामत तीच.

एल्मोर जेम्सचं उदाहरण बघा. स्लाइड गिटारचा, म्हणजे तारांवरून धातूची किंवा काचेची नळी घसरवत वाजवायच्या गिटारचा, बाप माणूस. मे १९६३ मध्ये गेला, आणि ब्रिटनमध्ये कधी वाजवायला येऊच शकला नाही. 'डस्ट माय ब्लूज' ही त्याची पन्नासच्या दशकाच्या मध्यावरची रेकॉर्ड. अमेरिकेत त्या काळात तिला कोणी विचारत नसणार, काळी तरुण पोरंसुद्धा तोवर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या नव्या गाण्यांकडे वळली होती. स्टीव्हन्सने ती दहाएक वर्षांनी लंडनमध्ये सिंगल म्हणून काढली, पाठोपाठ एल्मोरची अख्खी एलपी काढली. का? तर ऐकलीच नसेल तर ती रेकॉर्ड नवीनच की! साधी गोष्ट, पण मोठ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये असं बोलणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. पुढे १९६८ ला फ्लीटवूड मॅक या लंडनच्या बँडच्या पहिल्या एलपीवर जेरेमी स्पेन्सर जी स्लाइड वाजवतो ती एल्मोरची सहीसही नक्कल आहे, आता ती पोरं काय मिसिसिपीला जाऊन शिकून आली होती का? स्टोन्सच्या ब्रायन जोन्ससारखे काही किडे आधीपासून एल्मोरच्या नादी लागलेले होते हे मला माहितीये, पण त्यांच्याकडे महागड्या इंपोर्टेड प्लेटा होत्या. स्यूमुळे ती रेकॉर्ड सहा-सात शिलिंगांत कोपऱ्यावरच्या दुकानात मागवता यायला लागली.

बरं, निवडायला कान लागतो तसं तपासायला मैदान लागतं. ते होतं सोहोमधल्या हॅम यार्डातला सीन क्लब. सोमवारी रात्री तिथे स्टीव्हन्स आर अँड बीच्या रेकॉर्डी लावायचा, फक्त रेकॉर्डी, बँड वगैरे नाही, आणि मॉड पोरं, म्हणजे ती कडक इस्त्रीचे सूट घालून स्कूटरवरून फिरणारी, रात्रभर नाचायची. आता त्या काळात बीबीसीवर रेकॉर्डी किती वाजवायच्या यावर मर्यादा होती, 'नीडल टाइम' म्हणायचे त्याला, वादकांच्या युनियनचा आणि रेकॉर्ड कंपन्यांचा धाक, त्यामुळे बराचसा वेळ स्टुडिओतला बँडच लोकांची गाणी वाजवून दाखवायचा. रेडिओ लक्झेंबर्ग संध्याकाळी लागायचं, पण तिथले तास डेका आणि ईएमआयसारख्यांनीच विकत घेतलेले, ते स्वतःचाच माल वाजवणार. रेडिओ कॅरोलाइन समुद्रातल्या जहाजावरून सुरू झालं ते १९६४ च्या मार्चअखेर, आणि गंमत म्हणजे ते काढणारा रोनन ओ'राहिली हाच त्या सीन क्लबशी संबंधित. तर अशा दुष्काळात एखादी अनोळखी रेकॉर्ड लोकांना आवडते की नाही हे कळायला नाचणाऱ्यांचे पाय सोडून दुसरं साधन नव्हतं. स्टीव्हन्सला सोमवारी रात्री कळायचं. मोठ्या कंपन्यांना कळायचंच नाही.

तुम्ही लिहिलंय की "खरं काम बीटल्स आणि स्टोन्सने केलं, लोकांना आर अँड बी त्यांच्यामुळे कळलं." लोकांना गाणी त्यांच्यामुळे कळली, हे खरं. पण त्या पोरांना ती कुठून कळली? द हू या लंडनच्या बँडचं 'डॅडी रोलिंग स्टोन' घ्या, १९६५ च्या त्यांच्या एका सिंगलची मागची बाजू. मूळ गाणं ओटिस ब्लॅकवेलचं, १९५३ चं, पण हू ज्या वळणाने गातात ते डेरेक मार्टिनचं, आणि डेरेक मार्टिनची रेकॉर्ड ब्रिटनमध्ये काढली ती स्यूने. हूचा गिटारवाला पीट टाउनशेंड सीन क्लबला यायचा, हूच्या पोरांना स्टीव्हन्सने टेपा भरून दिल्या होत्या. स्पेन्सर डेव्हिस ग्रुपचं 'आय कान्ट स्टँड इट' घ्या, ते सोल सिस्टर्सचं, पुन्हा स्यू. मी काय म्हणतोय ते कळतंय ना, नळाला पाणी येतं म्हणून विहीर नव्हतीच असं नाही होत (ही उपमा जरा घासून गुळगुळीत झालीय, पण असो).

आणि आणखी एक बाजू आहे जिच्याकडे तुम्ही आणि बरेच इंग्रज लेखकही कानाडोळा करतात. हे लेबल उभं कोणाच्या खांद्यावर होतं? जमैकन लोकांच्या. ब्लॅकवेलने आयलंड १९५९ ला जमैकात काढली आणि १९६२ ला लंडनला आला, आणि आपल्या मिनी कूपरच्या मागे रेकॉर्डींचे खोके टाकून जिथे वेस्ट इंडियन वस्ती आहे तिथल्या दुकानांतून फिरून माल विकायचा. स्यूच्या रेकॉर्डींचे क्रमांक बघा, डब्ल्यूआय-३०१ पासून पुढे. हे 'डब्ल्यूआय' म्हणजे वेस्ट इंडीज, आयलंडच्या जमैकन रेकॉर्डींवर असायचं तेच, वेगळी मालिका तेवढी ३०१ पासून चालू केली. म्हणजे न्यूयॉर्कची रेकॉर्ड लंडनच्या गोऱ्या पोरापर्यंत जायला जी वाट होती ती लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या जमैकन दुकानावरून जात होती.

आणि जमैकन माणसाला हे संगीत काही परकं नव्हतं. किंग्स्टनमध्ये पन्नासच्या दशकात साउंड सिस्टिमवाले रस्त्यावर भिंतीएवढे स्पीकर लावून अमेरिकन आर अँड बीच वाजवायचे, लुई जॉर्डन, फॅट्स डॉमिनो, रॉस्को गॉर्डन. इतकी चुरस की आपली रेकॉर्ड कोणती ते शेजारच्या सिस्टिमवाल्याला कळू नये म्हणून रेकॉर्डीवरचं लेबल खरवडून टाकायचे! मेम्फिसच्या रॉस्को गॉर्डनचा तो लंगडत चालणारा पियानो ऐका आणि मग सुरुवातीचं कुठलंही स्का, म्हणजे रेगेच्या आधीचं जमैकन संगीत, ऐका, नातं सांगायला पंडित लागत नाही. अशा रेकॉर्डी लंडनमध्ये निघाल्या तेव्हा तिथला जमैकन माणूस आणि सोहोमधला मॉड पोरगा हे दोघं एकच रेकॉर्ड घेत असणार असं मला नेहमी वाटतं. तुमच्या "दोन गोऱ्यांचा धंदा" या चित्रात हा माणूस कुठेच नाही.

आता तो दुसरा मुद्दा, आणि तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

मूळ स्यू रेकॉर्ड्स १९५७ ला न्यूयॉर्कमध्ये निघाली, मालक हेन्री 'जगी' मरे, काळा माणूस, आणि हुशार माणूस. आइक टर्नरने 'अ फूल इन लव्ह' ची टेप आणली तेव्हा त्यावर टिनाचा आवाज फक्त ठरलेला गायक आला नाही म्हणून होता, नंतर पुसून दुसऱ्याचा घालायचा बेत होता, मरेने सांगितलं की हिचाच ठेव. १९६० ला ते गाणं गाजलं आणि टिना टर्नर जगाला मिळाली. पुढच्या वर्षी 'इट्स गोना वर्क आउट फाइन'. मग १९६३ ला आइनेझ आणि चार्ली फॉक्स या भाऊबहिणीचं 'मॉकिंगबर्ड', मरेच्याच सिंबल या लेबलवर, अमेरिकेत पॉप चार्टवर ७ नंबरपर्यंत. लंडनच्या स्यूची पहिली रेकॉर्ड, ती ३०१ नंबरची, हीच.

सुरुवात अशी सरळ झाली, मरेच्या रेकॉर्डी, मरेचं नाव, रीतसर लायसन्स. मग स्टीव्हन्सने त्याच स्यूच्या नावाखाली दुसऱ्या कंपन्यांचा माल काढायला सुरुवात केली. एल्मोर जेम्स आणि बी. बी. किंग लॉस एंजेलिसच्या मॉडर्नकडून, विल्बर्ट हॅरिसन हार्लेममधल्या बॉबी रॉबिन्सनच्या फ्युरीकडून, न्यू ऑर्लिन्सचे ह्युई 'पियानो' स्मिथ आणि ख्रिस केनर, बॉब अँड अर्लचं 'हार्लेम शफल'. मरे भडकला, आणि भडकणारच, तुमच्या दुकानाची पाटी लावून कोणी दुसऱ्याचा माल विकला तर तुम्ही काय हार घालणार? करार तुटला. लंडनचं स्यू मात्र त्याच नावाने चालू राहिलं. यात मरेची बाजू बरोबर आहे, आणि मूळ लेखातही मी ती तशीच मांडली होती, तुम्ही बहुतेक तिथपर्यंत पोचला नाहीत.

पण इथून तुम्ही जी उडी मारता, की म्हणून हे लेबल म्हणजे काळ्या कलाकारांची लूट, तिथे माझी गाडी अडते. लायसन्सचं काम कसं चालायचं ते बघा. ब्रिटिश कंपनी अमेरिकन कंपनीकडून मास्टर टेप घ्यायची, त्याचे पैसे आणि विक्रीवरची रॉयल्टी अमेरिकन कंपनीला द्यायची. गाणाऱ्याच्या हातात काय पडायचं ते त्याच्या आणि त्याच्या अमेरिकन मालकाच्या करारावर. आणि त्या करारात काय काय चालायचं! मॉडर्नचे मालक बिहारी बंधू (आपल्या बिहारशी संबंध नाही, हंगेरियन ज्यू कुटुंब) यांनी बी. बी. किंगच्या रेकॉर्डींवर गीतकार म्हणून टाउब, लिंग, जोझिया अशी नावं छापली, आणि ती नावं कोणाची, तर त्यांचीच, टोपणनावं. गाणं लिहिण्याच्या पैशांतला अर्धा वाटा असा बसल्या जागी खिशात. ही लूट लंडनला टेप यायच्या कितीतरी आधी लॉस एंजेलिसमध्ये होऊन गेलेली. तुम्हाला राग काढायचाय तर जरूर काढा, पण पत्ता नीट लिहा.

आणि यादीत फ्युरीवाला बॉबी रॉबिन्सनसुद्धा काळाच होता, हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावर त्याचं रेकॉर्डचं दुकान. त्याला लंडनहून लायसन्सचे पैसे येणं वाईट कसं, हे मला तुमच्या प्रतिक्रियेवरून समजलं नाही. उलट मला असं दिसतं की मूळ रेकॉर्ड विकणारं लेबल आणि तिची नक्कल विकणारा बँड यात गाणाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. स्टोन्सनी १९६४ ला 'इट्स ऑल ओव्हर नाउ' केलं आणि ते ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. ते बॉबी वोमॅक आणि त्याच्या भावांच्या व्हॅलेंटिनोजचं. वोमॅक आधी चिडला होता आणि मग गीतकार म्हणून रॉयल्टीचा चेक आल्यावर खूश झाला, हे त्याने स्वतःच पुढे हसत हसत सांगितलंय. वोमॅकने गाणं लिहिलं होतं म्हणून निभावलं. जो फक्त गायला, ज्याने फक्त सॅक्स वाजवला, त्याला गोऱ्या बँडच्या नकलेतून काय मिळणार? त्याचा आवाज असलेली रेकॉर्ड विकली गेली तरच काही शक्यता, आणि ती विकायचं काम स्यूसारखी लेबलं करत होती. नुसतं एवढंच नाही, आइनेझ आणि चार्ली फॉक्स १९६४ ला स्वतः ब्रिटनभर फिरले, स्टोन्सच्याच टूरवर. जागोजागी स्टोन्ससाठी किंचाळायला आलेल्या पोरींनी आधी यांना ऐकलं.

हिटचं म्हणाल तर तिथे मी थोडक्यात आटपतो कारण वाद घालण्यासारखं फार नाही. फॉक्स मंडळींचं 'हर्ट बाय लव्ह' १९६४ ला ४० नंबरला लागलं. 'हार्लेम शफल' स्यूवर चार्टात नव्हतंच, तेच गाणं आयलंडने १९६९ ला पुन्हा काढलं तेव्हा ७ नंबरला गेलं. 'मॉकिंगबर्ड' सुद्धा त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीकडून ३३ ला. म्हणजे निवड चुकली नव्हती, काही वर्षं आधी आली होती. आणि छोट्या लेबलला हिट हे वरदान असतं हाही एक गैरसमज आहे बरं का. रेकॉर्डी छापायचे पैसे कारखान्याला आधी मोजायचे, दुकानदार देणार सवडीने, मधल्या काळात मागणी दहापट झाली तर लेबल हिटच्या ओझ्याखालीच मरतं. ब्लॅकवेलला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून १९६४ ला मिली स्मॉलचं 'माय बॉय लॉलिपॉप' त्याने आयलंडवर काढलंच नाही, फिलिप्सच्या फोंटानाला दिलं, आणि ते ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे २ नंबरला गेलं. आणि ते गाणं मुळात काय? १९५६ चं अमेरिकन आर अँड बी, बार्बी गे नावाच्या मुलीचं, न्यूयॉर्कहून जमैकामार्गे लंडनला आलेलं. फिरून फिरून तीच वाट.

तुम्ही स्टीव्हन्सला "नशेबाज" म्हणून एका शब्दात निकालात काढलंय ते मात्र मला आवडलं नाही. तो पुढे ड्रग्जच्या केसमध्ये तुरुंगात गेला, दारूने त्याचं वाटोळं झालं, १९८१ ला ३८ व्या वर्षी गेला, हे सगळं खरंय. पण त्याच माणसाने मध्ये मॉट द हूपल हा रॉक बँड उभा केला आणि १९७९ ला द क्लॅश या पंक बँडच्या 'लंडन कॉलिंग'वर निर्माता म्हणून बसला. खुर्च्या फेकत, शिड्या आपटत रेकॉर्डिंग केलं म्हणतात, केलं असेल. ती एलपी ऐका, त्यातला जुन्या आर अँड बीचा धुमाकूळ ऐका, आणि मग सांगा की हॅम यार्डातला सोमवार त्यात दिसतो की नाही. मला तर दिसतो.

राहिला मराठीचा प्रश्न. माझ्या ब्लॉगवर हिंदुस्थानी संगीतावर दीडदोनशे प्रतिक्रिया येतात आणि अशा लेखांवर मोजून सात, त्यातली एक तुमची, त्यामुळे वाचणारं कोणीतरी आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत. आणि फार लांबचंही समजू नका. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमाराला द हेक्टिक्स नावाचा पोरांचा बँड होता, पियानोवर फारुख बलसारा, जो पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, आणि तो तिथे लिटल रिचर्डची गाणी बडवायचा. म्हणजे लंडनमधल्या पोरांची धडपड चालू होती तेव्हा आपल्या सातारा जिल्ह्यात एका होस्टेलच्या हॉलमध्ये तेच संगीत पोचलेलं होतं, कुठल्या रेकॉर्डी, कुठला रेडिओ, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे स्टेटसाइडच्या बऱ्याच मूळ प्लेटा आहेत. मग असं करा, स्टेटसाइडची बाजू तुम्हीच लिहा, मी इथे एक शब्द न कापता टाकतो, फोटो पण टाकू. फक्त त्याआधी एक करा, एस नावाच्या कंपनीने लंडनच्या स्यूच्या रेकॉर्डी सीडीवर पुन्हा काढल्यात, त्यातलं डेरेक मार्टिनचं 'डॅडी रोलिन' स्टोन' लावा आणि लगेच पाठोपाठ हूवालं लावा. कुठलं चांगलं यावर आपण खाली भांडू.